एका ब्लॉकाची उंची

२ मार्च, रविवार

ही वही मराठीत, बालबोध अक्षरांत लिहायची असं ठरवलंय. कारण सरळ आहे. आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण ही लिपी कुणालाच वाचता येत नाही. अण्णा तमिळ आणि इंग्रजी वाचतात, आई तमिळ. आत्याची शाळाही तमिळ, तीसुद्धा पाचवीपर्यंत. रोज सकाळी ती पोथी उघडून बसते खरी, पण तिचं सगळं तोंडपाठ आहे, पानं नुसती सवयीनं उलटते. मी आठ वर्षं पुण्यात नोकरी केली म्हणून मला ही अक्षरं येतात. तेव्हा वही टेबलावर उघडी पडली तरी तिला कुलूप आहे. मनात येईल ते लिहायला मोकळी.

आता मुद्दा. वीस एप्रिलला अण्णांची सत्तरीची शांत आहे, भीमरथशांती. माझे वडील वेंकटराव, तंजावरच्या निम्म्या वकील-डॉक्टरांचे हेडमास्तर, तीन वर्षांत एकाही पंगतीत बसलेले नाहीत. दोन्ही गुडघे बदलल्यावर डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलं. आमच्यात अशा दिवशी जेवण जमिनीवर, केळीच्या पानावर. वाध्यार, म्हणजे भटजी मंडळी, टेबलाशी जेवत नाहीत, म्हणून टेबल मांडायचं नाही. मग सगळे बाहेर पंगतीत आणि अण्णा आतल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, समोर स्टूल. दार अर्धं लोटून घेतात. पंगतीतला पहिला श्लोक नेहमी त्यांचा असायचा. गेल्या तीन वर्षांत तुळजारामकाका मोबाइलवर कुणाचा तरी लावतात.

आज अण्णा म्हणाले, "होम करा, आशीर्वाद घ्या, सगळ्यांना घरी पाठवा. जेवण नको." आई रडली. मी म्हटलं, "जेवण होणार, आणि तुम्ही पंगतीत बसणार." ते म्हणाले, "सरी, ठीक आहे, बसवून दाखव." हेडमास्तरी आवाजात.

दाखवते.

५ मार्च, बुधवार

सुचलं! दुपारी कोल्लैत, म्हणजे मागच्या परसात, कपडे वाळत घालताना सुचलं. अण्णा जमिनीपर्यंत जाऊ शकत नाहीत ना, मग जमीनच वर उचलायची.

दोन समांतर ओळी, प्रत्येकी तीस फूट. एक बसायची, एक पानं मांडायची. खाली काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकांचे खांब, वर काळ्या दगडाच्या लाद्या. लाकूड नाही, प्लॅस्टिक नाही. भरद्वाज वाध्यारांना लगेच फोन लावला. त्यांनी तीन वेळा विचारलं, "दगडच ना? जमिनीतून वर आलेला? धुता येईल?" मग म्हणाले, "दगडाला मडी चालतं. सोवळ्यात बसून जेवू. मी स्वतः बसतो."

पुण्यातली नोकरी सोडून मी इथे अंगण-परसाची कामं घ्यायला आले त्याला आठ महिने झाले. आतापर्यंत गाडी उभी करायच्या दोन फरशा आणि एक तुळशीवृंदावन, एवढाच माझा पराक्रम. तुळजारामकाका पापनाशमहून येतात तेव्हा विचारतात, "ब्लॉकवर ब्लॉक ठेवायला इंजिनियर कशाला?" त्यांना वीस तारखेला उत्तर मिळेल.

९ मार्च, रविवार

आराखडा पूर्ण झाला. असा आराखडा पुण्यातल्या आमच्या ऑफिसात कुणाला जमला नसता, हे मी गर्वानं नाही, अनुभवानं लिहितेय.

घर उत्तरेला, परस दक्षिणेला, परसाच्या टोकाला कालवा. स्वयंपाकघराचं मागचं दार परसात उघडतं. बसायची ओळ घराच्या बाजूला, पानांची ओळ कालव्याच्या बाजूला. म्हणजे बसणाऱ्या प्रत्येकाचं तोंड दक्षिणेला. समोर कालवा, पलीकडे भातशेत, आणि एप्रिलमध्ये दक्षिणेकडून येणारा तो वारा थेट तोंडावर. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत कोण जेवेल? वाढणाऱ्यांना ओळीला वळसा घालून पुढे जावं लागेल. जाऊ देत, पोट कमी होईल त्यांचं.

बसायची उंची अठरा इंच: ब्लॉकचे दोन थर आणि लादी. पानांची सव्वीस: तीन थर आणि लादी. दोन्हींत फरक बरोबर एका ब्लॉकाचा.

रात्री जेवताना सगळ्यांना बजावलं. काम संपेपर्यंत कुणीही मला सल्ला द्यायचा नाही. एक अक्षर नाही. तुळशीवृंदावनाच्या वेळी प्रत्येक शेजारणीनं एकेक कोपरा बदलायला लावला होता, आता पुन्हा नाही. आई हो म्हणाली. अण्णा हसले. आत्यानं मान हलवली आणि ताक ओतून घेतलं.

जाता जाता एक तक्रार, इथेच लिहून टाकते, तोंडावर बोलायची सोय नाही. आत्या माझ्या कॉफीत तीन चमचे साखर घालते. शहात्तराव्या वर्षी ती मला अजून आठ वर्षांची समजते.

११ मार्च, मंगळवार

कॉफी आज फिकी होती. बेश. साखर महागली असावी.

गणेशकुमार मेस्त्री कामाला आला. ओरत्तनाडुचा आहे, हात सोन्याचा, बोलणं कमी. चुन्यानं आखणी करून दिली आणि मी खडीच्या गाडीमागे गेले. परत आले तर आत्या परसात उभी राहून त्याच्याशी बोलत होती. चांगला अर्धा तास! आत्या, जी गवंड्याला चहासुद्धा खिडकीतून देते. मी जवळ गेल्यावर दोघंही गप्प झाले.

"काय बोलूलालीस गं?" मी विचारलं.

"तुळशीला पाणी कुठून जाईल ते विचारलं," म्हणाली.

तुळस पुढच्या अंगणात आहे. म्हातारपण, दुसरं काय.

१८ मार्च, मंगळवार

गणेशकुमारशी आज वाजलं. खालचे दोन थर दोन्ही ओळींत पक्के झाले, सिमेंटात. पानांच्या ओळीचा तिसरा थर त्यानं नुसता ठेवून दिला. खाली वाळूची पातळ गादी, सिमेंट नाही. मी विचारलं तर म्हणतो, "मेडम, वरचा थर एक अमावास्या जाऊ दे. बसू दे त्याला."

मी म्हटलं, काँक्रीटला अमावास्या कळत नाही. तो म्हणाला, "काँक्रीटला नाही कळत, मला कळते." तमिळमध्ये हे फारच ठासून म्हणतात. लाद्याही तशाच ठेवणार म्हणाला, नुसत्या वजनावर. सत्तावन्न किलोची एक लादी, कुठे जाणार आहे?

मी तासभर विचार केला आणि मग माझ्या लक्षात आलं, की खरं तर हेच बरोबर आहे. उन्हानं दगड तापेल, फुगेल, सिमेंट तडकेल. सुट्टं ठेवणं हीच हुशारी. संध्याकाळी त्याला सांगितलं, "तिसरा थर आणि लाद्या सुट्ट्याच राहू देत. हा माझा निर्णय आहे." तो म्हणाला, "सरी मेडम."

माणसाला योग्य दिशेनं नेलं की ऐकतो.

२७ मार्च, गुरुवार

पुदुकोट्टैकडून लाद्या आल्या. वीस नग. मी बसायच्या ओळीसाठी अरुंद सांगितल्या होत्या, लादीवाल्यानं सगळ्या दीड फूट रुंद पाठवल्या. फोनवर इतकी ओरडले की आईनं बाहेर येऊन खूण केली. शेवटी ठेवून घेतल्या. रुंद बैठक अण्णांना बरीच पडेल. वरचा भाग खरखरीत ठेवलाय, चकाकी नाही; ओल्या पायानं कुणी घसरायला नको. पुढच्या कडा गोल घासून घेतल्या, मांडीला टोचू नयेत म्हणून.

चार माणसांनी एकेक लादी उचलून ठेवली. संध्याकाळी तीस फुटांच्या दोन काळ्या रेघा परसात उमटल्या आणि मी अक्षरशः नाचले. माझं हे काम आहे! वासुकीचं!

आई दारात उभी होती. "छान झालंय गं. पण हे तोंड..."

"आई, सल्ला नको ठरलंय."

"सल्ला नाही, मी फक्त..."

"आई!"

ती आत गेली. मला आज डांगराची पचडी खावीशी वाटतेय, लहानपणी खायचो तशी, वर कच्चा कांदा. पण शांतीच्या तयारीत आईला कुठे सांगू.

२८ मार्च, शुक्रवार

जेवायला डांगराची पचडी! वर कच्चा कांदा! आत्यानं केली. या घरात कधीकधी असे योगायोग होतात.

३ एप्रिल, गुरुवार

आज पान मांडून चाचणी घेतली. मी बसले, समोर केळीचं पान, वर भात, वरण. वारा आला तो इतका छान, की पानाचं टोक उठून माझ्या नाकाला लागलं आणि वरणाचा ओघळ साडीवर. दोन वेळा. पान नीट धुतलेलं नव्हतं. वीस तारखेला प्रत्येक पानाच्या टोकाला एक गोटा ठेवायचा, कालव्याकाठचे गुळगुळीत गोटे. छान दिसेल.

आत्या मला बघत होती. मग पलीकडे गेली आणि काय केलं, तर माझ्या पानांच्या ओळीवर कालव्याकडे पाठ करून चढून बसली. सव्वीस इंचांवर, पाय लोंबते! मी म्हटलं, "आत्या, ते बसायचं नाही, ते पानांचं आहे."

"मला वाऱ्याकडे पाठ बरी वाटते," म्हणाली. "आणि इथून स्वयंपाकघर दिसतं, काय येतंय ते कळतं."

बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. तिला उतरवायला दोघं लागली.

वहीच्या मागच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. मीच जेवता जेवता लिहीत असेन.

१० एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. अण्णांना उठताना धरायला काहीतरी हवं होतं. लोखंडी कठडा मला नको, तो दवाखान्याची आठवण करून देतो. परसात जुना आट्टुक्कल्लु पडलाय, इडलीचं पीठ वाटायचा दगड, मिक्सर आल्यापासून कुणी हात लावत नाही. त्याचा गुंडा, म्हणजे आत फिरणारा उभा दगड, उचलला. दोन्ही ओळींच्या मधोमध, पहिल्या जागेच्या टोकाशी, ब्लॉकांचा एक छोटा खांब उभा केला आणि सगळ्यात वरच्या ब्लॉकाच्या पोकळीत गुंडा बसवून काँक्रीट भरलं. वर एक वीतभर दगड हातात येतो. पन्नास वर्षांच्या वाटण्यानं गुळगुळीत झालेला.

अंधार पडता पडता अण्णांना बाहेर आणलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा परसात आले. काठी बाजूला ठेवली, गुंडा धरला, हळूच बसले. मग गुंडा धरून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. पाच वेळा! शाळेत नवे बाक आले की मुलं करतात तसं.

"माझ्या आईच्या हातचा दगड हा," म्हणाले. मग घसा खाकरला. श्लोकाच्या आधी खाकरायचे तसाच.

मी आत येऊन तोंडावर पाणी मारलं. आता काही अडत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

सगळं संपलं.

भरद्वाज वाध्यार दुपारी होमाची जागा बघायला आले. मी अभिमानानं त्यांना मागे नेलं. त्यांनी लादीवरून हात फिरवला, ब्लॉकांना टिचकी मारली, वा वा म्हणाले. मग विचारलं, "पानं कुठे, माणसं कुठे?" मी दाखवलं. ते थांबले. सूर्याकडे बघितलं. पुन्हा लाद्यांकडे बघितलं.

"पोरी, हे तर दक्षिणेला तोंड होतंय."

"हो, वारा तिकडून..."

"सत्तर पुरी झालेल्या माणसाला, आयुष्य वाढावं म्हणून शांत करूलालों आम्ही, आणि तू त्याला यमाच्या दिशेला तोंड करून जेवायला बसवूलालीस?"

मला हे माहीत होतं! या घरातल्या प्रत्येक मुलाला पहिला घास घ्यायच्या आधी सांगतात, दक्षिणेला तोंड करून जेवू नये. आईनं मला शंभर वेळा पाटासकट उचलून फिरवलेलं आठवतं. पंधरा वर्षं टेबलावर जेवून मी ते विसरले. वारा आठवला, कालवा आठवला, भातशेत आठवलं, आणि हे विसरले. आमच्या घरात ही चूक करायला आठ वर्षं पुण्यात राहिलेली इंजिनियरच हवी.

"काही उपाय?" मी विचारलं.

"पंधरा माणसं आडवी बसव," वाध्यार म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी थट्टा थांबवली. "तू मनानं चांगलं केलंस. पण यावर कुणी बसणार नाही. मीही नाही."

मागे बघितलं तर अण्णा दारात, काठी टेकून. सगळं ऐकलेलं. ते एवढंच म्हणाले, "असू दे वासुकी. माझं पान आत मांडा." आणि आत जाऊन खोलीचं दार ओढून घेतलं. अर्धं नाही, पूर्ण.

त्या दाराचा आवाज माझ्या कानातून जात नाहीये. मी काय केलं हे? साध्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला मी आशा दाखवली आणि वाध्यारांसमोर ती काढून घेतली. माझ्या आराखड्याचा, माझ्या तोऱ्याचा मला वीट आलाय. उद्या हातोडा घेऊन सगळं फोडून टाकणार. फरक फक्त एका ब्लॉकाचा होता. बसायची ओळ तिथे आणि पानांची इथे असती तर झालं असतं, पण आता सिमेंट

थांब.

थांब, थांब, थांब.

तिसऱ्या थराला सिमेंट नाही!

१९ एप्रिल, शनिवार

सूर्य उगवायच्या आत परसात गेले. पानांच्या ओळीवरची एक लादी एकटीनं कोपऱ्यातून उचलून पाहिली, कंबर गेलीच होती. लादी हलली! तिचं टोक बाजूला सरकवलं, खालचा ब्लॉक दोन्ही हातांनी धरला आणि तो वाळूवरून अलगद वर आला, डब्यावरून झाकण यावं तसा.

मी आनंदानं ओरडणार तोच फाटक वाजलं. गणेशकुमार! सोबत चार माणसं, खांद्यावर दोर. आज त्याचं काम नव्हतं. मी त्याला बोलावलंही नव्हतं; बोलावणारच होते, फोन हातातच होता.

"तू कसा आलास?"

"आलो सहज," म्हणाला. "पेरियम्मांनी..." आणि थांबला. "पेरियम्मांच्या हातची कॉफी प्यायला."

त्याच्या पेरियम्मा, म्हणजे आमची आत्या, खरंच कॉफी घेऊन दारात उभी होती. खिडकीतून नाही, चक्क दारातून. सात पेले.

मी त्यांना माझी योजना समजावून सांगितली: लाद्या उतरवायच्या, कालव्याकडच्या ओळीचा तिसरा ब्लॉक काढून घराकडच्या ओळीवर ठेवायचा. अकरा खांब, अकरा ब्लॉक. मग लाद्या पुन्हा वर. बसायची ओळ पानांची होते, पानांची ओळ बसायची. बसणाऱ्यांचं तोंड उत्तरेला! लाद्या सगळ्या दीड फुटीच, अदलाबदलीत काही अडत नाही. पुदुकोट्टैच्या त्या माणसाला मी उगाच शिव्या घातल्या. गणेशकुमारनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. माझी योजना संपायच्या आत त्याच्या माणसांनी पहिली लादी उतरवली होती.

साडेदहाला काम संपलं! गुंड्याचा खांब मधोमध होता, तो आहे तिथेच उपयोगी. मी वाकून बघितलं: सरळ रेष, पाणपातळी अचूक. सुट्टे ब्लॉक ठेवायचा माझा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे आज कळलं. कधीकधी हात आपोआप बरोबर करतात.

मग अण्णांच्या दाराशी गेले. "अण्णा, उत्तर."

"कशाचं उत्तर?"

"दिशा. उत्तर दिशा. बाहेर या."

ते आले. सूर्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, मग नव्या बैठकीकडे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही बराच वेळ.

२० एप्रिल, रविवार

हे झोपायच्या आधीच लिहून टाकते.

होम झाला, कलशाचं पाणी अण्णा-आईच्या डोक्यावर पडलं, आणि बाराच्या सुमाराला पंधरा पानं मांडली. वर नारळीच्या झावळ्यांचा मांडव, म्हणून दगड गार. वाध्यार सगळ्यांत आधी बसले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे. मग अण्णा. आत्यानं त्यांच्या जागेवर आपला पाट ठेवला, त्यानं दीड इंच उंची वाढली आणि गुडघ्यांना अगदी बरोबर आलं. मला हे सुचायला हवं होतं. गुंडा धरून अण्णा बसले. शेजारी तुळजारामकाका.

वाढणारे स्वयंपाकघराच्या दारातून निघाले ते थेट पानांसमोर! वळसा नाही, धक्का नाही. पंधरा पानांना मीठ, पचडी, कोशिंबीर कधी वाढून झाली कळलं नाही. आणि वारा पाठीवर. घामेजलेल्या पाठींवर तो कालव्याचा वारा, आणि एकाही पानाचं टोक हललं नाही. जमवलेले गोटे टोपलीतच राहिले. स्वयंपाकघराकडे बघत कोण जेवेल असं लिहिणारी मी! सगळे त्या दाराकडेच बघत होते, पुढचं भांडं कुठलं येतंय ते ओळखत, पैजा लावत.

तूप वाढून झालं. तुळजारामकाकांनी सवयीनं खिशातून मोबाइल काढला. अण्णांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काकांनी मोबाइल परत खिशात घातला.

अण्णांनी घसा खाकरला.

तीन वर्षांनी तो आवाज. सुरुवातीला जरा कापला, दुसऱ्या चरणाला स्थिर झाला, चौथ्याला स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं तसंच धरून दारात आल्या. शेवटी सगळ्या पंगतीनं एका आवाजात जयजयकार केला, असा की कालव्यावरचे बगळे उडाले. वाध्यारांनी पंच्यानं डोळे पुसले. काका तर उघड रडत होते, आणि रडता रडता पुरणपोळी मागत होते. मी मांडवाच्या खांबाआड उभी होते. मी हुंदके देत होते, हे इथे लिहायला लाज नाही.

जेवण झाल्यावर काका लादीवरून हात फिरवत म्हणाले, "वासू, पापनाशमच्या घरामागे किती फूट जागा लागेल?"

"ब्लॉकवर ब्लॉक ठेवायला इंजिनियर कशाला काका?"

"चूप बस आणि माप घ्यायला ये," म्हणाले. वाध्यारांनी त्यांच्या भावासाठी विचारलं, तिरुवैयारुला नदीकाठी घर आहे. आणखी तिघांनी माझा नंबर घेतला. मी जिंकले! अण्णा जिंकले!

एकच गोष्ट टोचतेय, ती फक्त इथे लिहिते. चार पंगती उठल्या तरी आत्या बसली नाही. शेवटी स्वयंपाकघरात कोपऱ्यात, जमिनीवर, एकटी जेवली. तिचे यजमान गेल्यापासून, म्हणजे तिच्या चोविसाव्या वर्षापासून, ती अशीच जेवते. तीन वर्षं आत एकटं जेवणं अण्णांना किती लागलं ते सगळ्यांनी बघितलं. तिची बावन्न वर्षं झाली, आणि मी इंच मोजत बसले तेव्हा तिची जागा मोजलीच नाही. उद्या घरच्यांचंच जेवण आहे. आत्यानं अण्णांच्या शेजारी बसावं, पहिल्या पंगतीत, असं मला फार वाटतं. पण तिला सांगायची माझी हिंमत नाही. रागावेल, रीत सांगेल, मग आठवडाभर बोलणार नाही.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी परसात चार पानं मांडली. अण्णा बसले, आई बसली, काका-काकू बसले. मी वाढायला भाताचं भांडं घेऊन दारातून निघाले तेवढ्यात आत्या माझ्या बाजूनं पुढे गेली. हातात स्वतः धुतलेलं केळीचं पान. अण्णांच्या शेजारच्या पानाशी काकू बसल्या होत्या, त्यांना म्हणाली, "जरा सरक." आपलं पान अण्णांच्या पानाला लागून मांडलं, पदर सावरला आणि बसली. उत्तरेला तोंड करून, पाठीवर वारा घेत.

काकू आपलं पान ओढून घेत सरकल्या.

"अक्का," अण्णा म्हणाले.

"काय अक्का? श्लोक म्हण, भात निवूलाला," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आणि तू तिथे उभी काय करूलालीस? तूप आण."

मी तूप आणलं. आत्याच्या पानावर पळीभर जास्त वाढलं, तिनं हात आडवा धरला नाही. मी तिला एक शब्द बोलले नव्हते! माणसाचं मन इतकं ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

संध्याकाळी चष्मा पुसत माझ्या खोलीत डोकावली. म्हणाली, "तुझ्या पेनातली शाई फार फिकट झालीय गं वासू. डोळ्यांना त्रास होतो. काळी आण."

पेन टेबलावरच पडलेलं असतं, तिनं पाहिलं असेल. बरोबर आहे तिचं, उद्या काळी आणते.